युरोपातली मनात राहिलेली इमारत: तुमचे अनुभव लिहा

गच्चीवाली
आमच्या गच्चीवर वॉटरप्रूफिंग चालू आहे. काल वाळलेले कपडे आणायला गेले तर एक कारागीर उकिडवा बसून फुटक्या लाद्यांचे तुकडे बसवत होता. तुकडा उचलायचा, फिरवून बघायचा, जागा सापडली की अंगठ्याने दाबायचा. मी बादली घेऊन तिथेच उभी. २०१७ चं बार्सिलोना आठवलं, पार्क ग्युएलची ती नागमोडी बैठक. तीही अशीच, फुटक्या लाद्यांची. तिकडे त्याला त्रेंकादीस म्हणतात. वास्तुकार गाउदीसोबत त्याचा सहकारी जुजोल याने ती मढवली. माझ्या हाताशी एक निळा तुकडा होता, त्यावर अर्धंच फूल. उरलेलं अर्धं कुठे असेल म्हणून मी बैठकभर शोधत फिरले, नवरा खाली थांबून थांबून कंटाळला.
आणि ती बैठक म्हणजे तिथल्या गच्चीचा कठडाच आहे! गच्चीखाली ८६ खांब. पावसाचं पाणी गच्चीतून झिरपून खांबांच्या पोटातून खालच्या टाकीत जातं. शंभर वर्षांपूर्वीचं काम. तुम्हालाही असं काही आठवतं का? लिहा ना.

रानवारा
आम्ही गाउदीच्याच साग्रादा फामिलिया चर्चला मुद्दाम दुपारी चारनंतर गेलो. सकाळी पूर्वेच्या काचांतून निळा-हिरवा उजेड येतो, संध्याकाळी पश्चिमेकडून केशरी-लाल. खांब वर जाऊन झाडासारखे फुटतात. आईच्या पांढऱ्या साडीवर लाल उजेड पडला, ती पदर पसरून बघत राहिली. काही बोलली नाही. आता ती नाही. तो फोटो देवघराशेजारी लावलाय.

तिखटमीठ
रानवारा 🙏🙏 वाचून डोळे भरले.
आम्ही गेलो तेव्हा गर्दीत माझी पर्स गेली त्यामुळे निम्मा दिवस पोलीस चौकीत. पासपोर्ट हॉटेलात होता म्हणून वाचलो. सगळ्यांनी पासपोर्ट वेगळा ठेवा प्लीज

कोपऱ्यावरचा
सिव्हिलवाला आहे म्हणून थोडं वेगळं. मला इमारतींपेक्षा तिथले चौक आवडले. एशाम्पले भागात प्रत्येक ब्लॉकचा कोपरा तिरका कापलाय, त्यामुळे चौक अष्टकोनी होतो आणि वळताना समोरचं दिसतं. इंजिनिअर सेर्दाचा आराखडा, १८५९ चा. उजेड आणि हवा प्रत्येक घराला मिळावी हा त्याचा हट्ट होता.
गाउदीच्या कासा मिला या इमारतीचा माळा कुणी चुकवू नका. विटांच्या २७० कमानी, माशाच्या काट्यासारख्या. तिथे साखळ्या उलट्या टांगलेलं मॉडेल आहे, खाली आरसा. लोंबती साखळी आपोआप जो आकार घेते तो उलटा केला की कमान तयार. कॉलेजात हे सूत्र पाठ केलं होतं, आरशात बघितलं तेव्हा कळलं. पाऊण तास तिथेच होतो.

सई_डोंबिवली
तिथे व्हेज मिळतं का? मेमध्ये जातोय, सासूबाई कांदा-लसूण खात नाहीत

तिखटमीठ
सई, पावाला टोमॅटो चोळून ऑलिव्ह तेल घालून देतात ते सगळीकडे मिळतं. लसूण नको म्हणून आधीच सांग, बरेचदा चोळतात. थेपले ने.

जुनापुणेकर
गाउदीचं शेवटचं ऐकून वाईट वाटलं होतं. १९२६ मध्ये ट्रामने उडवलं, कपडे इतके साधे की लोकांना भिकारीच वाटला. ओळख दुसऱ्या दिवशी पटली, अपघातानंतर तीन दिवसांनी गेला. साग्रादा फामिलियाच्या तळघरातच पुरलंय. ४० वर्षांहून जास्त त्या कामावर होता, आपल्या हयातीत पुरं होणार नाही हे माहीत असून. समाधीपाशी एक मेणबत्ती लावली आणि बाहेर येऊन बायकोला फोन केला, का ते सांगता येणार नाही.

रानवारा
जुनापुणेकर काका, कळलं.

चहाटपरी
गच्चीवाली ताई, तुमच्याकडे ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) करून वर चायना मोझॅक (फुटक्या लाद्या) का? आमच्याकडे दोन पावसाळ्यांत परत गळायला लागलं.

गच्चीवाली
हो तेच. कोपऱ्यात वाटा (भिंतीलगतची गोलाई) नीट मारून घ्या आणि ढाळ नळाकडे आहे का ते पाणी ओतून स्वतः बघा. आमचे कारागीर मन लावून करतात. आज त्यांना बैठकीचा फोटो दाखवला. मोठा करून सांधे बघितले आणि म्हणाले, तुकडे लहान घेतलेत म्हणून गोलाई आली.

कोपऱ्यावरचा
अगदी बरोबर बोलले ते! त्यांच्या कामाचा फोटो टाका ना.

गच्चीवाली
उद्या टाकते, आता पाणी मारलंय, वर कुणाला सोडत नाहीयेत