रान माझं, मग ससा कुणाचा?

पन्हाळ्याचा गडी (धागा यानेच काढला)

गेल्या आठवड्यात आजोबांची ट्रंक उघडली. दोन धोतरं, सोसायटीच्या पावत्या आणि तळाशी शिकारीचा जुना परवाना. लहान शिकारीचा. म्हणजे ससा, तित्तर, लावा असलं किरकोळ. गोल शिक्का, फी भरल्याची नोंद, सगळं रीतसर. १९७२ चा वन्यजीव कायदा आला तेव्हा शिकार सरसकट बंद नव्हती, परवान्यावर चालू होती, हे मला तो कागद बघून कळलं.

माझं म्हणणं सरळ आहे. सातबारा माझ्या नावावर, बंदुकीचा परवाना माझ्या नावावर, आणि हरभऱ्याचे कोवळे शेंडे रोज पहाटे ससे खुडतात. जंगल सोडा, गायरानही सोडा. पण स्वतःच्या बांधाच्या आत हंगाम ठरवून, दिवसाला दोन अशी मर्यादा घालून परवानगी द्यायला काय हरकत आहे? रानडुकराला मिळते, मग सशाला का नाही?

कसबा बावड्याचा बाब्या

सशाचं मटण खायचंय असं सरळ सांग की भावा. हरभऱ्याला कशाला मधे घालतोस?

काळा कोट

आजोबांचा कागद खरा आहे, फक्त त्याचा जमाना गेला. मूळ कायद्यात लहान शिकार, मोठी शिकार, विशेष शिकार असे वेगवेगळे परवाने होते. १९९१ च्या दुरुस्तीने ते सगळे उडवले. तेव्हापासून कलम ९ प्रमाणे कायद्याच्या यादीतल्या प्राण्याची शिकार बंद. त्यात 'खासगी जमीन वगळून' असं कुठेही नाही. रान तुमचं, पण रानातला ससा तुमच्या सातबाऱ्यावर चढत नाही.

उरतं ते कलम ११. माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकाला धोका असेल तर वनखात्याचा अधिकारी लेखी कारणं देऊन शिकारीची परवानगी देऊ शकतो. राज्य सरकारने २०१५ साली रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) या दोघांसाठी ती वाट सोपी केली: वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे अर्ज, पोच घ्यायची, २४ तासांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरायचं. सशासाठी अशी सोय नाही. आणि ससा पिकाला धोका आहे हे तुम्ही कुठल्या तोंडानं सांगणार?

अजून एक, कारण बरेच जण यात फसतात. साध्या एअरगनला परवाना लागत नाही म्हणून तिनं तित्तर मारलेलं चालतं असं नाही. बंदुकीचा कायदा वेगळा, जनावराचा वेगळा. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

राखणीवाला

वकीलसाहेब, २४ तासांचं कागदावर लई गोड वाटतंय. आमचं ऐका.

घाटाकडच्या गावात माझा सव्वा एकर भुईमूग हाय. काढणीला आठ दिवस राहिले की डुकरं उतरतात. रात्री माळ्यावर बसायचं, डबा वाजवायचा, बॅटरी मारायची. गेल्या सालात पहाटे तीनला डोळा लागला. चारला उठलो तर खालच्या तुकड्यात नांगर धरल्यागत माती उलटलेली. शेंग एक न्हाई, नुसती टरफलं. एका कळपानं तासात उरकलं. मादीमागं सहा पिल्लं होती, त्यांनीबी खाल्लं.

सकाळी अर्ज घेऊन गेलो. साहेब फिरतीवर. कारकून म्हणाला, ठेवून जा. पोच मागितली तर म्हणाला, शिक्का साहेबांच्या कपाटात. आता सांगा, पोच न्हाई तर २४ तास कुठनं मोजायचे? चार हेलपाट्यांनी परवानगी मिळाली तवा वनरक्षकानं बजावलं, डुक्कर फॉरेस्टच्या हद्दीत शिरलं की मागं जायचं न्हाई. बरं, मारायचं कशानं? गावात बंदूकवाला एकच. निवडणूक लागलेली, त्याची बंदूक पोलिस ठाण्यात जमा!

त्यामुळं ही सशाची चर्चा मला चेष्टा वाटते.

माळावरची

मी मसाई पठारावर आणि आसपासच्या माळांवर पाखरं बघत फिरते, म्हणून उलट बाजू मांडते. 'बांधाच्या आत' हे कागदावर. ससा बांध ओळखत नाही आणि शिकारीही ओळखत नाहीत. रात्री जीप घेऊन येतात, सशाच्या डोळ्यावर झोत मारतात, तो जागीच थिजतो. त्यात कसली मर्दुमकी? परवाना एकाचा असेल आणि त्याच्या आडोशाला दहा जण गायरानात घुसतील. दिवसाला दोन म्हणता, मोजणार कोण?

डुकरासाठी लावलेल्या क्लच वायरच्या फासात बिबटे अडकून मरतात. कणकेत गुंडाळलेला गावठी बॉम्ब चरायला गेलेली म्हैस चावते, तिचा जबडा उडतो. आधीच एवढं चाललंय.

पन्हाळ्याचा गडी

@माळावरची, जीपवाल्यांना मीही हाकलतो. पण ते आजही येतात, बंदी असताना. परवाना असता तर निदान माझं नाव कुणाच्या तरी वहीत असतं.

माळावरची

तुमचं असतं. जीपवाल्यांचं तेव्हाही नसतं.

बारक्या

मी फासेपारधी समाजातला. इथं सगळे आजोबांचे परवाने काढतायत, आमच्या आजोबांकडं परवाना कुठला? शाहू महाराजांच्या शिकारखान्यात चित्ते होते, ते काळविटावर सोडले जायचे. इंग्रजांनी आमच्या जमातीला गुन्हेगार ठरवलेलं असताना महाराजांनी पारध्यांना जवळ केलं, कामाला लावलं, पोलिसांकडच्या रोजच्या हजेरीतून सोडवलं. सशा-तितराची वाट कुठली, लावा कुठल्या गवतात बसतो, हे आमच्या म्हाताऱ्यांना पायानं कळायचं. १९७२ नंतर तेच ज्ञान गुन्हा झालं. आज आमच्या पालात वाघर (शिकारीचं जाळं) सापडली तर आधी पोलिस, मग चौकशी. आणि सातबारा असलेल्याला हौसेसाठी हंगाम पाहिजे. सुरू करायचंच असेल तर आधी आम्हाला विचारा. नसेल करायचं तर कुणालाच नको.

कसबा बावड्याचा बाब्या

बारक्या, हे पटलं. माझा वरचा विनोद मागे घेतो.

काळा कोट

@राखणीवाला, पोच मिळत नसेल तर अर्ज रजिस्टर पोस्टाने टाका आणि पोस्टाची पावती जपा. कलम ११ प्रमाणे परवानगी 'कोणत्याही व्यक्तीला' देता येते, शेतमालकालाच असं नाही. परवानाधारक बंदूकवाला दुसऱ्या गावचा असेल तर अर्जातच त्याचं नाव घाला. मारलेलं डुक्कर मात्र सरकारी मालमत्ता. घरी न्यायचं नाही, वाटायचं नाही.

पन्हाळ्याचा गडी

बारक्याला माझ्याकडं उत्तर नाही, खरं सांगतो. सशाचं राहू दे. राखणीवाले मामा, माझी बंदूक जमा नाही. काढणी कधी?

राखणीवाला

दसऱ्याच्या आत. अर्जात तुझं नाव घालतो, परवान्याची झेरॉक्स पाठव. माळ्यावर दोघांना जागा हाय. ये रात्रीचा. भाकरी आमची, डुक्कर सरकारचं.