मदत हवी आहे: स्टर्नड्राइव्ह बोट बेटाला लावताना स्केग तुटला. नांगर नक्की कुठे आणि कसा टाकायचा?

देवबागची लेक

नमस्कार मंडळी,

मी अमेरिकेत जॉर्जियात, लेक लॅनियरजवळ कमिंगला राहते. एप्रिलमध्ये आम्ही एक वापरलेली २१ फुटी बाउरायडर (पुढेही बसायची जागा असलेली उघडी बोट) घेतली. मर्क्रूझरचं ४.३ लिटरचं व्ही-६ इंजिन आणि अल्फा वन ड्राइव्ह. याला स्टर्नड्राइव्ह म्हणतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: यात इंजिन बोटीच्या आतच, मागच्या बाजूला असतं आणि पंखा फिरवणारा ड्राइव्ह मागच्या भिंतीतून बाहेर पाण्यात असतो. कोकणातल्या होड्यांना मागे अडकवलेलं आउटबोर्ड असतं, तसं हे नाही.

मागच्या शनिवारी आम्ही एका बेटाला बोट लावली. नाळ (बोटीचं पुढचं टोक) हळूच वाळूवर टेकवली, पुढचा दोर किनाऱ्यावर खुंटी ठोकून बांधला, ड्राइव्ह वर घेतला आणि जेवायला बसलो. अर्ध्या तासात दोन मोठ्या वेकबोटी (मागे मुद्दाम मोठ्या लाटा उठवणाऱ्या) जवळून गेल्या. त्यांच्या लाटांनी आमची बोट मागून फिरली, किनाऱ्याला आडवी झाली आणि बूड आपटायला लागलं. तो "ठक्, ठक्" आवाज अजून कानात आहे. मी पाण्यात उडी मारून मागची बाजू खांद्याने ढकलत होते, पण दीड टनाची बोट, मला कुठली हलायला! नवरा आणि शेजारच्या बोटीतले दोघे धावून आले तेव्हा ती सरळ झाली.

नुकसान असं: ड्राइव्हच्या अगदी खाली, पंख्याखाली जो परासारखा धातूचा भाग असतो तो स्केग, त्याचा तुकडा गेला (साधारण अंगठ्याएवढा). पंख्याच्या एका पात्याची कड मुडपली. नाळेखाली जेलकोटवर (बोटीच्या बाहेरच्या गुळगुळीत थरावर) हातभर लांब ओरखडा आला, त्यात एके ठिकाणी काचतंतू दिसतो. आणि परत येताना तापमानाचा काटा नेहमीपेक्षा वर गेला, म्हणून इंजिन अगदी मंद ठेवून धक्क्याला आलो.

माझे बाबा सध्या देवबागहून आले आहेत. आयुष्यभर त्यांनी रापण ओढली आणि होडी चालवली. ते त्या वेळी किनाऱ्यावर होते. एवढंच म्हणाले, "व्हडी नाळेन लायलीस गो, फाटल्यान कोण धरतलो?" (होडी नाळेने लावलीस, मागून कोण धरणार?) या प्रश्नाचं माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून हा धागा.

नाळ किनाऱ्याकडे ठेवायची की तळ्याकडे? मागे दुसरा नांगर टाकला तर त्याचा दोर पंख्यात जाणार नाही, याची काळजी कशी घ्यायची? ड्राइव्ह पूर्ण वर घेतला होता, तरी स्केग कसा आपटला? आणि आत्ता बोट पाण्यात घालण्याआधी काय काय तपासू? बोटीबरोबर मिळालेला नांगर छत्रीसारखा, सात किलोचा आहे. साखळी नाही. दोर ३० फूट.

---

ट्रॅव्हिसकाठचा

ताई, सगळे सुखरूप आहेत हे महत्त्वाचं. मी टेक्ससमध्ये लेक ट्रॅव्हिसवर नऊ वर्षं स्टर्नड्राइव्ह चालवतोय, आणि पहिल्या वर्षी मीही एक स्केग घालवला.

आधी तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण सगळं तिथेच अडतं. आउटबोर्ड कलवलं की पंखा पाण्याबाहेर येतो. स्टर्नड्राइव्ह पूर्ण वर घेतला तरी त्याचा खालचा भाग पाण्यातच राहतो. तुमच्या मापाच्या बोटीला ड्राइव्ह खाली असताना साधारण तीन फूट पाणी लागतं आणि वर घेतल्यावर दीड-पावणेदोन फूट. त्यात सगळं वजन मागे! लाट बोट उचलते आणि खाली सोडते, तेव्हा मागची बाजू फूटभर सहज खाली जाते. म्हणजे मागे दोन फूट पाणी असेल तरी आपटणारच. मागे कमरेएवढं पाणी हवं, ते गुडघ्याएवढं झालं की धोका सुरू.

लॅनियरची बेटं म्हणजे बुडालेल्या टेकड्यांचे माथे. तांबडी माती, मधेच गोटे, कुठे जुन्या झाडाचे खुंट. वरून चार हात वाळू दिसते, पण खाली काय आहे ते दिसत नाही. तळं भरलेलं, म्हणजे पातळी समुद्रसपाटीपासून १०७१ फुटांवर असताना जो दगड चार फूट खाली असतो, तोच कोरड्या वर्षी तुमच्या स्केगला भेटतो. २००७च्या दुष्काळात हेच तळं १०५१ फुटांच्याही खाली गेलं होतं. निघण्याआधी त्या दिवसाची पातळी बघत जा. नव्या जागी आधी एकाने उतरून, वल्हं टेकवत खोली बघायची. मगच बोट आणायची.

आता नांगर. तो छत्रीचा नांगर फारतर मऊ गाळात, वारा नसताना, मासे धरायला बसलात तर चालेल. तांबड्या मातीत तो नुसता घरंगळतो. दोन रुंद पात्यांचा फ्लूक नांगर घ्या आणि त्याला निदान सहा फूट साखळी लावा. साखळीच्या वजनाने नांगराची दांडी आडवी राहते आणि पाती जमिनीत शिरतात. दोर वरच्या बाजूने ओढला गेला तर कितीही भारी नांगर उपटतो, म्हणूनच दोराची लांबी नांगराच्या वजनापेक्षा महत्त्वाची. हिशोब असा: नांगर पडतो तिथलं पाणी अधिक पाण्यापासून नाळेची उंची, त्याच्या पाचपट दोर. साडेतीन मीटर पाणी आणि एक मीटर नाळ, म्हणजे साडेचार. पाचपट केले तर साडेबावीस मीटर. वारा असेल तर सातपट, म्हणजे तीस मीटरच्या वर. तुमचा ३० फुटी दोर नऊ मीटरच होतो. पन्नास मीटर नायलॉनचा घ्या, तो ताणतो आणि लाटेचा झटका खातो.

---

मांडव्याचा फिटर

ताई, मी मांडव्याला स्पीडबोटींची कामं करतो, त्यात स्टर्नड्राइव्ह बऱ्याच असतात. बोट पाण्यात घालायच्या आधी एवढं करा.

काटा वर गेला म्हणजे वाळू ओढली गेली. अल्फा वनमध्ये थंड पाण्याचा पंप ड्राइव्हमध्येच असतो आणि त्यात रबरी इम्पेलर (पाणी ओढणारं पात्यांचं चाक) असतो. पाणी आत घ्यायच्या फटी ड्राइव्हच्या खालच्या भागाला असतात, म्हणून उथळ पाण्यात इंजिन चालू असलं की वाळू थेट पंपात जाते. खालचा भाग उतरवून इम्पेलर बदला. पंपाच्या आतल्या भिंतीला चरे पडले असतील तर अख्खा संच बदला, नुसत्या रबरावर भागवू नका.

नंतर गिअर ऑइल. खालचा स्क्रू सैल करून थोडं तेल बाहेर घ्या. दुधी दिसलं तर पाणी शिरलंय आणि सील गेलंय. तेल स्वच्छ असेल तर एक चिंता गेली. मग चावी काढून, न्यूट्रलमध्ये, हाताने पंखा फिरवा आणि तो ज्यावर बसतो त्या शाफ्टच्या टोकाशी एक तार धरून ठेवा. टोक तारेपासून जवळ-लांब होत असेल तर शाफ्ट वाकलाय. त्या अवस्थेत एक दिवसही बोट चालवू नका, सील आणि बेअरिंग दोन्ही जातील. पंखा दुरुस्तीला काढाल तेव्हा शाफ्टवर माशाची दोरी गुंडाळली आहे का तेही बघा. ती सील कापते.

अंगठ्याएवढा स्केग गेला तर घाबरू नका. ॲल्युमिनियमचं वेल्डिंग करता येतं, नाहीतर वरून बसवायचं स्टीलचं कवच मिळतं. उघडा धातू मात्र रंगवा.

आणि एक सवय मोडा (तुम्हाला असेल असं नाही, पण आमच्याकडे बहुतेकांना असते). ड्राइव्ह पूर्ण वर (ट्रेलरवर नेताना असतो तसा) असताना गिअर टाकून रेस करायची नाही. आतले युनिव्हर्सल जॉइंट तेव्हा मोठ्या कोनात असतात. खडखड आवाज येतो, जॉइंट झिजतात, बेलोजवर (त्या जॉइंटवरच्या रबरी घडीच्या नळीवर) ताण येतो. बेलोज फाटला तर पाणी थेट बोटीत.

---

ट्रॅव्हिसकाठचा

फिटरदादांना +१. आता लावायची पद्धत.

मी नाळ आत, मागे नांगर असं करतो. किनाऱ्यापासून पंचवीस मीटरवर, सरळ येत असताना, मागच्या माणसाने नांगर हाताने सोडायचा (फेकायचा नाही). तोच माणूस दोर शेवटपर्यंत हातात ठेवतो, ताणलेला. ढिला दोर पंख्याकडे जातो, ताणलेला जात नाही. पाणी छातीएवढं झालं की इंजिन बंद, ड्राइव्ह वर, राहिलेलं अंतर बोट आपल्या वेगाने जाते. पुढचा नांगर किनाऱ्यावर नेऊन पुरायचा. मग मागचा दोर ओढून नाळ वाळूवरून उचलून घ्यायची. नाळ तरंगली पाहिजे. ती टेकलेली असली की प्रत्येक लाटेला वाळूचा कागद घासल्यासारखा जेलकोट झिजतो.

निघताना उलटं. किनाऱ्यावरचा नांगर आत, मग मागचा दोर ओढत बोट खोल पाण्यात. तिथे ड्राइव्ह खाली, चार मिनिटं ब्लोअर (इंजिनाच्या खणातली पेट्रोलची वाफ बाहेर काढणारा), मग इंजिन. मागचा नांगर आत आल्याशिवाय गिअर नाही. उथळ पाण्यात इंजिन लागतच नाही, मग वाळूही ओढली जात नाही.

---

सुकतीची वेळ

मी मालवणची. पर्यटकांच्या बोटी आमच्या घरच्याच, सगळ्या आउटबोर्डच्या. ट्रॅव्हिसकाठच्या दादांशी एका बाबतीत माझं जमत नाही. नाळ आत म्हणजे सगळ्या लाटा मागच्या बाजूवर. या बाउरायडरची मागची भिंत ठेंगणी, त्यावर पोहायची फळी. एखादी मोठी लाट फळीवरून आत आली की इंजिनाच्या खणात पाणी. आमच्याकडे उभ्या होडीची नाळ नेहमी दर्याकडे. लाट कापायला तीच बनवलेली असते.

ताई, तुमच्या बाबांना विचारा, तेही हेच सांगतील.

तळ्याला भरती-ओहोटी नाही हे तुमचं नशीब. मुंबई-मांडव्याला उधाणाच्या दिवसांत चार मीटरच्या आसपास पाणी चढतं-उतरतं. तिथे सुकतीला (ओहोटीला) स्टर्नड्राइव्ह किनाऱ्याला लावून जेवायला बसलात, तर जेवण होईपर्यंत बोट ड्राइव्हवर बसलेली.

एक कळकळीची विनंती. पोहायच्या फळीवर मुलं बसलेली असताना इंजिन चालू ठेवू नका, मंदसुद्धा नाही. धूर तिथेच बाहेर पडतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि मूल गप्प झालं तर आपल्याला वाटतं दमलंय.

---

ट्रॅव्हिसकाठचा

मान्य. माझी नेहमीची जागा आडोशाच्या खाडीत आहे, तिथे लाटा नसतात. उघड्यावर नाळ बाहेरच बरी. फक्त त्यासाठी किनारा उतरता हवा, म्हणजे काठापासून दोन-तीन मीटरवर मागे कमरेएवढं पाणी मिळेल. लॅनियरला तशा जागा पुष्कळ आहेत.

---

देवबागची लेक

दोन आठवड्यांनी लिहिते आहे. सगळ्यांचे मनापासून आभार.

तेल स्वच्छ निघालं, शाफ्ट सरळ आहे. इम्पेलरची दोन पाती अर्धी झिजलेली होती आणि पंपात चिमूटभर वाळू. संच बदलला. पंखा दुरुस्तीला दिला, स्केगला वेल्डिंग झालं.

काल त्याच बेटाच्या दुसऱ्या बाजूला गेलो. नवऱ्याने आधी पोहत जाऊन वल्ह्याने तळ बघितला. एका ठिकाणी मांडीएवढ्या पाण्यात गोटे लागले, म्हणून पंधरा हात बाजूला सरकलो. नाळ तळ्याकडे केली, पुढून फ्लूक नांगर सोडला, आणि ड्राइव्ह खालीच ठेवून मंद रिव्हर्समध्ये दोर सोडत मागे आलो. दोरावर मी पाच-पाच मीटरवर रंगीत चिंध्या बांधल्या आहेत. पाचवी चिंधी हातातून गेली तेव्हा दोर बांधला.

तेव्हा बाबांनी ताणलेल्या दोरावर दोन बोटं ठेवली आणि मिनिटभर तशीच ठेवली. नांगर फरफटत असेल तर दोर बोटांखाली थरथरतो, लागला असेल तर नुसता ताणतो आणि सैल होतो, हे त्यांनी मला माझ्या वयाच्या चाळिसाव्या वर्षी, अटलांटाजवळच्या तळ्यावर शिकवलं. देवबागला लहानपणी मी होडीत शंभरदा बसले असेन, पण दोराला हात लावायची वेळ कधी आली नव्हती. मग मीही बोटं ठेवली. दोर ताणला, सैल झाला. थरथर नाही.

मग छातीभर पाण्यात इंजिन बंद करून ड्राइव्ह वर घेतला, आणि मागच्या दोन्ही बाजूंनी एकेक दोर काढून, फाकवून, किनाऱ्यावर बांधले. मागे पाणी माझ्या कमरेच्या वर होतं. आम्ही तीन तास होतो. वेकबोटी पाच-सहा तरी गेल्या. बोट नाळेवर उठायची, खाली यायची आणि जागेवरच राहायची. एकदाही ठक् झालं नाही.

फिटरदादा, एकच राहिलं. नाळेखालचा तो ओरखडा, जिथे काचतंतू दिसतो. नाळेखाली लावायची रबरी पट्टी मिळते, ती सरळ वरून चिकटवून टाकू का?

---

मांडव्याचा फिटर

नका ताई. काचतंतूत पाणी मुरलेलं असेल, ते आत कोंडलं जाईल. बोट आठवडाभर ट्रेलरवर सावलीत वाळू दे. मग ओरखड्याच्या कडा घासून उतरत्या करा, ॲसिटोनने पुसा, इपॉक्सीने भरा. त्यावर बसेल असा जेलकोट मिळतो, तोच मागून घ्या, कारण साधा जेलकोट इपॉक्सीवर नीट धरत नाही. तो पूर्ण कडक झाला की मग पट्टी. आणि पट्टी बसवली म्हणून नाळ दगडावर टेकवू नका, ती वाळूपुरती आहे.

बाबांना माझा नमस्कार सांगा.