कोजागरीचा कार्यक्रम आणि ‘माकारेना’

ए-७०२ : सर्व सभासदांना नमस्कार. काल रात्री सव्वादहापर्यंत गच्चीवर कोजागरीच्या नाचाची तालीम चालू होती. आमच्या दिवाणखान्याचे छत म्हणजेच ती गच्ची, हे मागच्या पावसाळ्यापासून सर्वांना चांगलेच ठाऊक आहे. एकच गाणे अकरा वेळा वाजले आणि वीस माणसांनी एकदम मारलेल्या उड्या आम्ही खाली मोजत बसलो. ‘माकारेना’ या जुन्या स्पॅनिश गाण्यात असे काय आहे, की कोजागरीला त्यावाचून आपले अडावे?

बी-३०४ : काका, तालमीला उशीर झाला ही आमची चूक आहे आणि त्याबद्दल मी मनापासून क्षमा मागते. आजपासून नऊच्या ठोक्याला ध्वनिक्षेपक बंद होईल.

सी-१०१ : प्रश्न केवळ वेळेचा नाही. या गाण्याच्या शब्दांचा अर्थ कोणी पाहिला आहे का? गाण्यातल्या माकारेना नावाच्या मुलीचा व्हितोरिनो आडनावाचा प्रियकर सैन्यात ध्वजाची शपथ घेत असताना ती त्याच्याच दोन मित्रांबरोबर रमते. लहान मुलांना हे शिकवणे उचित आहे काय?

बी-२०३ : काका, तीच मुले त्या गाण्याला ‘हात पुढे, हात डोक्यावर’ एवढ्याच नावाने ओळखतात. व्हितोरिनोची कथा त्यांना आत्ता आपल्याकडूनच समजली.

ए-५०१ : गाणे कोणतेही असो, पण पहिल्या रांगेत दर वर्षी त्याच चार जणी का असतात, हेही एकदा स्पष्ट व्हावे. मागच्या वर्षी मी पाण्याच्या टाकीला टेकून नाचले आणि एकाही छायाचित्रात दिसले नाही.

सचिव : कृपया विषयावर राहावे. ए-७०२ यांच्या तक्रारीची नोंद घेतली आहे.

बी-३०४ : काकांनी ‘असे काय आहे’ असे विचारलेच आहे, तर सविस्तर सांगते. स्पेनमधील सेव्हिल शहराजवळच्या दोस एर्मानास गावचे अंतोनिओ रोमेरो आणि राफाएल रुईस हे दोघे ‘लोस देल रिओ’ या नावाने १९६० च्या दशकापासून एकत्र गात होते. १९९२ मध्ये व्हेनेझुएलातील काराकास येथे एका मेजवानीत फ्लेमेन्को या स्पॅनिश नृत्याच्या नर्तकीला नाचताना पाहून अंतोनिओंच्या तोंडून ध्रुवपदाची ओळ सहज निघाली. तेव्हा तिच्यात नाव माग्दालेना होते, ते पुढे बदलून त्यांनी आपल्या मुलीच्या नावातले माकारेना घातले. १९९३ मध्ये गाणे स्पेनमध्ये आले, मायामीच्या ‘बेसाइड बॉइज’ या संगीतकारांनी १९९५ मध्ये त्याला नवा ठेका आणि इंग्रजी कडवी जोडली आणि १९९६ मध्ये ते अमेरिकेतील लोकप्रिय गाण्यांच्या बिलबोर्ड यादीत १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. तोवर ते दोघे पन्नाशीच्या उंबरठ्यावर आले होते. चित्रफितीत ते सूट घालून उभ्याउभ्याच गातात आणि मुली नाचतात.

सी-१०१ : इतिहास उत्तम आहे, परंतु अर्थाचे काय? ज्या नावाने सेव्हिलमध्ये ईस्टरपूर्वीच्या पवित्र सप्ताहात मेरीमातेची मिरवणूक निघते, तेच नाव या मुलीला दिले आहे, हेही ध्यानात घ्यावे.

बी-२०३ : मग अर्थच नसलेले गाणे घ्यावे. स्पेनमधल्याच कोर्दोबाच्या तीन बहिणींनी ‘लास केचप’ या नावाने २००२ मध्ये गायलेले ‘आसेरेहे’ सर्वांना आठवत असेल. त्यातील दिएगो नावाचा तरुण १९७९ च्या ‘रॅपर्स डिलाइट’ या अमेरिकी गाण्यातील इंग्रजी जसे कानावर पडेल तसे म्हणतो, म्हणून ध्रुवपदात एकाही शब्दाला अर्थ नाही. काकांची हरकतच उरणार नाही.

सी-१०१ : त्या गाण्यात सैतानाची स्तुती दडलेली आहे, अशी चर्चा झाली होती.

बी-२०३ : होय, शब्दांना अर्थ नव्हता म्हणून लोकांनी तो पदरचा घातला.

बी-३०४ : ‘आसेरेहे’चा विचार आम्ही आधीच केला होता. त्यात एक हात कपाळावर ठेवून गुडघे एकमेकांवर आपटावे लागतात आणि आमच्यातील सात जणी साठीच्या पुढच्या आहेत. माकारेनात गुडघ्यांना तोशीस नाही. उजवा हात पुढे, डावा पुढे; तळवे एकेक करून वर; मग खांद्यांवर, डोक्यामागे, कमरेवर आणि पाठीमागे, अशा बारा हालचाली, त्यानंतर कंबर हलवायची आणि पाव वळण घ्यायचे. चुकलेला माणूस पुढच्या फेरीत आपोआप सापडतो, कारण फेरी तीच असते. बी-१०२ मधल्या आजी पहिल्या दिवशी खुर्चीवर बसून फक्त हात करीत होत्या, तिसऱ्या दिवशी त्यांनी खुर्ची स्वतःच बाजूला सरकवली. भाषा न कळताही जगभर हे गाणे का चालले, ते मला त्या क्षणी समजले.

सी-१०१ : माझा मूळ संदेश पुन्हा पाठवीत आहे. या गाण्याच्या शब्दांचा अर्थ कोणी पाहिला आहे का?

बी-२०३ : ज्यांना बारा हालचालीही जमत नाहीत, त्यांच्यासाठी अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांची सोय आहे. १९९६ मध्ये आपल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या शिकागो अधिवेशनात त्यांनी ‘आता माझी माकारेना पाहा’ असे सांगितले, ते निश्चल उभे राहिले आणि ‘पुन्हा पाहायची आहे का’ असे विचारले. खजिनदारांना ही आवृत्ती शोभून दिसेल.

खजिनदार : मी दूध आटवण्याचे काम पाहतो. माझे नाव यात ओढू नये.

ए-५०१ : माझ्या प्रश्नाचे उत्तर कोणीही दिलेले नाही.

बी-३०४ : ताई, उत्तर त्या पाव वळणातच आहे. पहिल्या वळणानंतर सर्वांची तोंडे जिन्याकडे होतात, दुसऱ्यानंतर टाकीकडे, म्हणजे शेवटची रांग पहिली होते आणि त्या चौघी तुमच्या मागे जातात. चौथ्या वळणाला आपण मूळ दिशेला येतो. छायाचित्रकाराला या वर्षी टाकीच्या बाजूलाच उभे करू.

ए-५०१ : हे आधी सांगायला हवे होते. मी येते.

ए-७०२ : वळण घ्यावे, माझी ना नाही, परंतु त्या वळणाबरोबरची उडी आमच्या पंख्याच्या दांडीपर्यंत पोहोचते.

बी-३०४ : काका, उडी काढून टाकते. टाच जागेवर फिरवूनही वळता येते आणि आजी तसेच वळतात.

सचिव : ठरले. तालीम रात्री ८ ते ९, पादत्राणे जिन्यात काढावीत, उडी नाही.

सी-१०१ : अर्थाचा मुद्दा अनुत्तरितच राहिला आहे.

ए-७०२ : आज आठ वाजता मी दिवाणखान्यात पंख्याखाली बसून ऐकणार आहे. एकही धक्का जाणवला, तर मी स्वतः वर येईन.