मदत हवी आहे: मोठ्या प्रिंटसाठी फोटो ‘३०० डीपीआय करून आणा’ म्हणजे नेमकं काय करायचं?

नमस्कार. आईचा एक फोटो १२ बाय १८ इंच, उभा, फ्रेम करून लावायचा आहे. मांडीवर पुस्तक, चष्मा नाकावर घसरलेला, आणि कुणाच्या तरी बोलण्यावर ती मनापासून हसते आहे. तिचे असे बेसावध फोटो फार थोडे आहेत, म्हणून हाच हवा.

प्रिंटवाले म्हणाले, रिझोल्यूशन कमी आहे, ३०० डीपीआय करून आणा. फाइल १२०० बाय १६०० पिक्सेलची आहे, रिझोल्यूशन ७२ दाखवते. फोटोशॉपच्या ‘इमेज साइज’मध्ये ७२ खोडून ३०० टाकलं, तर पिक्सेल एकदम ५००० बाय ६६६७ झाले. पूर्ण झूम करून पाहिलं आणि वाईट वाटलं. गाल मेणाचे, भुवयांचे केस एकमेकांत विरघळलेले. मग गिम्प या दुसऱ्या फोटो-एडिटिंग प्रोग्राममध्ये ‘प्रिंट साइज’ला ३०० टाकलं, तर चित्रात काहीच फरक नाही, फक्त इंच ४ बाय ५.३३ झाले. एकच आकडा टाकून दोन वेगळे निकाल कसे? आणि आता करू काय?

प्रतिसाद

फोटोशॉपच्या त्या खिडकीत ‘रिसॅम्पल’वर टिक होती. टिक असली की ते इंच तेवढेच धरतं आणि कमी पडणारे पिक्सेल शेजारच्या पिक्सेलांवरून अंदाजाने भरतं. तुमच्या फाइलमध्ये मुळातल्या एका पिक्सेलच्या जागी सतराच्या वर पिक्सेल आले. मेण तिथूनच आलं. गिम्पने पिक्सेलना हात न लावता एका इंचात किती बसवायचे (डीपीआय म्हणतात ते हेच) एवढंच लिहून ठेवलं. ७२ असो वा ३००, तो आकडा फाइलवरची चिठ्ठी आहे. तो बदलून तपशील वाढत नाही.

हिशेब स्वतः करायचा: पिक्सेल भागिले इंच. १६०० भागिले १८ म्हणजे इंचाला जेमतेम ८९. हातात धरून बघायच्या प्रिंटला ३०० उत्तम. भिंतीवरची फ्रेम चार पावलांवरून बघतात, तिथे २०० सुद्धा छान दिसतं. ८९ मात्र फारच कमी.

लांब बाजू नेमकी १६०० आहे, म्हणजे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला दिसतो. ज्यांनी काढला त्यांच्याकडून मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. सगळं त्यावर अवलंबून आहे. ती मिळेपर्यंत या फाइलवर अजिबात मेहनत घेऊ नका.

धागाकर्ती

बरोबर ओळखलंत, व्हॉट्सअ‍ॅपचाच होता. मावसभावाच्या फोनमध्ये मूळ फोटो सापडला! ३००० बाय ४०००. आता १८ इंचाला २२२ येतात. पण १२ बाय १८ च्या चौकटीत बसवताना दोन्ही बाजूंनी मिळून ३३३ पिक्सेल कापावे लागतात आणि पुस्तक धरलेल्या हाताची बोटं जातात. ती मला घालवायची नाहीत.

प्रतिसाद

मग कापू नका. फोनचा फोटो ४:३ आहे, तुमची फ्रेम ३:२. फोटो १२ बाय १६ ठेवा आणि १२ बाय १८ च्या कागदावर वर-खाली एकेक इंच पांढरी पट्टी सोडा. इंचाला पूर्ण २५० पिक्सेल मिळतील. फ्रेमची कड थोडा कागद झाकते, तेवढं धरून चाला. प्रिंट देताना ‘फिट’ करा, म्हणजे पूर्ण फोटो कागदात मावू द्या, असं बजावून सांगा; ‘फिल’ केलं, म्हणजे कागद भरेपर्यंत फोटो वाढवला, तर पुन्हा बोटं जातील. प्रत्येक वेळी जेपीईजीवर जेपीईजी सेव्ह करत बसू नका, मूळ फाइल बाजूला जपून ठेवा.

आणि आधी चाचणी घ्या. चेहऱ्याभोवतीचा १००० बाय १५०० पिक्सेलचा तुकडा कापून ४ बाय ६ मध्ये छापा. मोठ्या प्रिंटमध्ये चेहरा नेमका तेवढाच दिसणार आहे.

धागाकर्ती

तुकडा छापून आणला. भुवईचा केस न् केस सुटा आहे, चष्म्याच्या काचेत खिडकीसुद्धा दिसते, जी मी आजवर पाहिलीच नव्हती. उद्या पूर्ण प्रिंट टाकते. दोघांचे मनापासून आभार.