खाजगी केअरर: ताशी दराच्या पलीकडचा हिशेब

वृद्ध आईवडिलांची घरी येऊन काळजी घेणारी खाजगी केअरर एजन्सीपेक्षा ताशी स्वस्त पडते, असं म्हणतात आणि ते बरोबर आहे. पण इंग्लंडमध्ये त्या दरात बरंच काही धरलेलं नसतं. बाई थेट कामावर ठेवली की तुम्ही मालक. मग किमान 50 लाख पौंडांचा एम्प्लॉयर्स लायबिलिटी विमा (कामावर तिला इजा झाली तर भरपाईसाठी), वर्षाला 5.6 आठवडे भरपगारी रजा, पगारपत्रक, आणि वर्षाचा पगार 10,000 पौंडांवर गेला की बहुधा पेन्शनही. ती आजारी पडली तर सकाळी आठला आईंना उठवणार कोण, हे आधीच ठरवा. घडी विस्कटते ती इथेच.

सगळ्यात जपायचं ते फक्त ओळख करून देणाऱ्या एजन्सीपासून. ती केअरर सुचवते आणि बाजूला होते, म्हणून तिला सीक्यूसीची, म्हणजे इंग्लंडमधल्या काळजीसेवा तपासणाऱ्या सरकारी संस्थेची, नोंदणी लागत नाही. सीक्यूसीच्या साइटवर नाव शोधा आणि रेटिंगबरोबर तपासणीची तारीखही बघा. पाच वर्षांपूर्वीच्या 'गुड'वर विसंबू नका. आठवड्यात किती वेगवेगळ्या बायका येणार, हेही विचारा.

औषधं असतील तर एमएआर चार्ट, म्हणजे प्रत्येक गोळीची वेळ आणि सही असलेला तक्ता, हवाच. को-कोडामॉल या वेदनाशामक गोळीत पॅरासिटामॉल असतंच. सकाळची बाई ते देऊन सही करायला विसरली, तर थोड्या वेळाने दुसरी वेगळं पॅरासिटामॉल देऊन मोकळी होते.

हॉइस्टला, म्हणजे माणसाला पलंगावरून उचलायच्या यंत्राला, दोन माणसं लागतील असं काळजीच्या गरजांच्या असेसमेंटमध्ये लिहिलं असेल, तर एकटी खाजगी केअरर हा पर्याय माझ्या मते बादच.