अनुभव धागा : खेळ आणि ग्राफिक्ससाठी लायब्ररी तुम्ही कशी निवडलीत?

पायथन किंवा लुआ ही प्रोग्रॅमिंग भाषा थोडीफार येऊ लागली की आपला स्वतःचा एखादा खेळ लिहावा असे बहुतेकांना वाटते. अडचण तिथेच सुरू होते, कारण खिडकी उघडणे, चित्र हलवणे, आवाज वाजवणे आणि कळ दाबल्याचे ओळखणे या गोष्टी मूळ भाषेत नसतात. पायथनमध्ये टर्टल आहे, पण ते रेषा काढण्यापुरते चांगले. पुढे जायचे तर पायगेम, पायगेम झीरो, पिग्लेट, आर्केड, पांडा थ्रीडी या लायब्रऱ्यांपैकी (म्हणजे अशा कामांसाठी तयार लिहून ठेवलेल्या कोडच्या संचांपैकी) काहीतरी निवडावे लागते, आणि चुकीची निवड केल्याचे साधारणपणे अर्धा खेळ लिहून झाल्यावर कळते. म्हणून विनंती अशी, की आपण काय निवडले आणि कोणत्या कामासाठी निवडले ते लिहावे. मध्येच बदलावे लागले असेल तर नेमके कुठे अडले, हेही सविस्तर लिहावे.

सुरुवात माझ्यापासून करतो. मी साताऱ्यात दर शनिवारी आठवी-नववीच्या मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवतो. पहिल्या वर्षी थेट पायगेम घेतले. त्यात पडद्यावर एक चेंडू दिसायच्या आधी खिडकीचा आकार ठरवणे, मुख्य लूप (खेळ चालू असेपर्यंत पुन्हा पुन्हा चालणारा कोड) लिहिणे, घटनांची (कळ दाबणे, माउस हलवणे यांची) रांग तपासणे, खिडकी बंद करण्याची सोय करणे आणि प्रत्येक फेरीत पडदा ताजा करणे एवढे सगळे लिहावे लागते, आणि त्यातले का व कशासाठी हे तेरा वर्षांच्या मुलाला त्या दिवशी समजणे शक्य नसते. दुसऱ्या वर्षी पायगेम झीरो घेतले. डॅनियल पोप यांनी ते २०१५ मध्ये शाळांचाच विचार करून तयार केले. त्यात 'ड्रॉ' आणि 'अपडेट' अशी दोन फंक्शने लिहिली की लूप ते स्वतः चालवते. चित्रे ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि फाइलची नावे इंग्रजीच्या लहान अक्षरांतच द्यायची, हा नियम मात्र पहिल्याच तासाला सांगावा. एका मुलाचा वाघ अर्धा तास दिसत नव्हता, कारण फाइलच्या नावातला पहिला 'व्ही' मोठा होता. त्याने तो स्वतः शोधला आणि नंतर शेजारच्या तिघांच्या फाइली तपासून दिल्या.

पुण्याहून, सॉफ्टवेअर क्षेत्रात नोकरी

मी पायगेमवरच राहिलो आणि त्याचे कारण सांगतो. ते २००० साली पीट शिनर्स यांनी सुरू केले. खाली एसडीएल ही खिडकी, चित्र, आवाज हाताळणारी, सी भाषेत लिहिलेली जुनी, भक्कम लायब्ररी आहे, आणि २०२० मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीपासून पायगेम एसडीएल-२ वर चालते. इतक्या वर्षांत विचारले न गेलेले प्रश्न थोडेच उरले आहेत, त्यामुळे अडले तर उत्तर सापडते.

माझा खेळ मात्र सुरुवातीला रखडत चालायचा. पार्श्वभूमीचे मोठे चित्र काढताना सेकंदाला जेमतेम पंचवीस फ्रेम (पडदा नव्याने काढण्याच्या फेऱ्या) मिळत होत्या आणि पायथनच संथ आहे असे मी धरून चाललो होतो. खरे कारण वेगळे होते. फाइलमधून चित्र घेतल्यावर त्याचे पिक्सेल पडद्याच्या पिक्सेलपेक्षा वेगळ्या रचनेत असतील, तर ते प्रत्येक फ्रेमला नव्याने बदलून काढले जातात. चित्र लोड करतानाच एकदा 'कन्व्हर्ट' करून घेतले, आणि पारदर्शक भाग असलेल्या चित्रांसाठी 'कन्व्हर्ट अल्फा' वापरले, की हा खर्च वाचतो. माझ्याकडे त्या एका बदलाने साठ फ्रेम स्थिर मिळू लागल्या.

दुसरी चूक अधिक खोल होती. मी खेळाडूला दर फ्रेमला पाच पिक्सेल पुढे नेत होतो, त्यामुळे मित्राच्या जुन्या लॅपटॉपवर तोच खेळ संथ झाला आणि लांब उडीची जागा त्याला ओलांडताच येईना. पायगेममधले 'क्लॉक' मागच्या फ्रेमला किती मिलिसेकंद लागले ते सांगते. वेगाला त्या वेळेने गुणून अंतर काढावे. लायब्ररी कोणतीही असो, हे पहिल्या दिवसापासून करावे.

नव्याने घेणाऱ्यांसाठी एक सूचना. २०२३ पासून पायगेमची 'सीई' (कम्युनिटी एडिशन) ही वेगळी शाखा आहे. दोन्ही कोडमध्ये एकाच नावाने आणली जातात, म्हणून दोन्ही एकत्र इन्स्टॉल करू नयेत. आधी जुनी काढावी, मग नवी घालावी.

नाशिकहून, पदविका अभ्यासक्रमाच्या प्राध्यापिका

मला आर्केड मनापासून आवडली होती आणि आजही आवडते. तिचा आरंभबिंदू पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात असतो आणि वर गेले की 'वाय' वाढतो, म्हणजे मुलांनी आलेखाच्या कागदावर जे शिकले तेच इथे लागू पडते. पायगेममध्ये आरंभबिंदू वर डावीकडे असल्याने गुरुत्वाकर्षण अधिक चिन्हाने लिहावे लागते आणि निम्मा वर्ग तिथे गोंधळतो.

परंतु आर्केड पिग्लेटवर उभी आहे आणि तिला ओपनजीएल (ग्राफिक्सच्या भागाकडून चित्र काढून घेण्याची प्रमाणित पद्धत) ३.३ लागते. आमच्या प्रयोगशाळेतल्या यंत्रांवर इंटेलचे दुसऱ्या पिढीचे प्रोसेसर होते. त्यांतील अंगभूत इंटेल एचडी ३००० ग्राफिक्सला विंडोजचा ड्रायव्हर ओपनजीएल ३.१ पर्यंतच नेतो. माझ्या घरच्या संगणकावर सुरळीत चाललेला धडा तिथे तीस यंत्रांवर एकाच वेळी बंद पडला आणि तो तास वाया गेला, याचे मला फार वाईट वाटले. पुढे एका यंत्रावर लिनक्स टाकून पाहिले, तेव्हा त्याच ग्राफिक्सवर तिथला मेसा ड्रायव्हर ३.३ देतो आणि आर्केड व्यवस्थित उघडते, असे आढळले. सगळी यंत्रे बदलण्याची परवानगी मिळाली नाही, म्हणून त्या सत्रापुरते पिग्लेटची १.५ ही जुन्या ओपनजीएलवरही चालणारी जुनी मालिका घेतली. ती पूर्णपणे पायथनमध्ये लिहिलेली आहे आणि तिला दुसरे काही इन्स्टॉल करावे लागत नाही. प्रयोगशाळेत इंटरनेट नसताना फोल्डर पेनड्राइव्हवरून नेऊन ठेवला तरी काम भागते. निवड करण्याआधी सर्वांत जुन्या यंत्रावर फक्त एक रिकामी खिडकी उघडून पाहावी, एवढे मी आता नेमाने करते.

कोल्हापूरहून

मी पायथन सोडून लुआ आणि तिच्यासाठीची खेळांची लायब्ररी 'लव्ह' घेतली. लोड, अपडेट, ड्रॉ अशी तीन फंक्शने असतात आणि 'अपडेट'ला गेलेला वेळ आपोआप मिळतो, त्यामुळे पुण्याच्या मित्राने सांगितलेली चूक होण्याचा प्रसंगच कमी येतो. खेळ झिप करून द्यायचा, की झाले. जुने धडे वाचताना मात्र जपावे. २०१८ च्या ११.० आवृत्तीपासून रंग ० ते २५५ ऐवजी ० ते १ असे द्यावे लागतात, आणि जुने आकडे तसेच दिले तर जवळजवळ सगळे पांढरेच दिसते.

रत्नागिरीहून, प्राथमिक शिक्षिका

माझा अनुभव वेगाचा नाही, अक्षरांचा आहे, आणि मराठीतून खेळ करू पाहणाऱ्या प्रत्येकाला तो येईल असे वाटते. दुसरीच्या मुलांसाठी चित्र पाहून योग्य शब्द निवडण्याचा खेळ मी पायगेममध्ये केला. पहिलाच शब्द 'किल्ला' होता. पडद्यावर 'क' सुटा उभा होता, त्याची पहिली वेलांटी पुढच्या 'ल'च्या अंगावर गेली होती आणि त्या 'ल'चा पाय मोडलेला दिसत होता. फॉन्ट खराब असेल म्हणून मी तीन फॉन्ट बदलले. दोष फॉन्टचा नव्हता. देवनागरीत वेलांटी लिहिली जाते अक्षरानंतर पण दिसावी लागते आधी, जोडाक्षरात दोन अक्षरांचे मिळून तिसरे रूप घ्यावे लागते, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर न्यावा लागतो. ही मांडणी करणारा वेगळा भाग असतो. तो नसेल तर लायब्ररी एकेक चिन्ह फक्त ओळीने ठेवते. वाचायला शिकणाऱ्या मुलासमोर असा शब्द ठेवणे मला मान्यच नव्हते.

पायगेमच्या नव्या आवृत्त्यांत फॉन्टला लिपी सांगण्याची सोय आहे. ती माझ्या संगणकावर चालली, शाळेतल्या जुन्या आवृत्तीवर चालली नाही. शेवटी मी वेगळा मार्ग धरला. पिलो या चित्रांच्या लायब्ररीला 'रॅक्म' या अक्षरांची मांडणी करणाऱ्या लायब्ररीची जोड असेल तर ती देवनागरी अचूक मांडते. मुंबईच्या 'एक टाइप'चा मुक्त परवान्याचा 'मुक्ता' फॉन्ट घेऊन मी घरच्या संगणकावर एकशे वीस शब्दांची चित्रे एकदाच तयार करून ठेवली, आणि खेळ आता अक्षरे लिहीतच नाही, ती चित्रे दाखवतो. शब्द वाढवायचा तर चित्र नव्याने करावे लागते, पण शाळेतल्या कोणत्याही यंत्रावर 'किल्ला' हा किल्लाच दिसतो.

न्यू जर्सीहून, रविवारच्या मराठी शाळेत शिकवणारी पालक

रत्नागिरीच्या ताईंचे वाचून लिहिते आहे. आमच्या मुलांकडे एकसारखे संगणक नाहीत. कुणाकडे टॅबलेट, कुणाकडे शाळेने दिलेले क्रोमबुक. काही इन्स्टॉल करायला लावणे शक्य नव्हते, म्हणून मी जावास्क्रिप्ट भाषेतील पी-फाइव्ह ही लायब्ररी निवडली. ती ब्राउझरमध्येच चालते आणि नेहमीच्या सपाट कॅनव्हासवर मजकूर मांडण्याचे काम ब्राउझर करतो, त्यामुळे वेलांट्या आणि जोडाक्षरे काहीही न करता जागच्या जागी येतात. मला पायथन अधिक जवळचे होते आणि नवी भाषा शिकण्यात दोन महिने गेले. ताई, आपल्या एकशे वीस शब्दांची यादी इथे दिलीत तर मी ती आमच्या खेळात घालून तयार कोड याच धाग्यात ठेवीन. आमच्याकडे सध्या चाळीसच शब्द आहेत आणि त्यांत रफाराचा एकही नाही.