पुरळ उठलं त्याच दिवशी रुग्ण वेगळा केला, तरी गोवर पसरतो तो कसा?

अन्वय: गोवराचं पुरळ दिसलं त्याच दिवशी रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवलं, तरी १०-१२ दिवसांनी घरात दुसऱ्याला गोवर निघतो. इबोलात मात्र लक्षणं दिसताच रुग्ण वेगळा केला तर साखळी तुटते म्हणतात. हा फरक विषाणूच्या ताकदीचा आहे का?

सूक्ष्मदर्शी: ताकदीचा नाही, वेळेचा. विषाणूच्या शिरकावापासून पहिल्या लक्षणापर्यंतचा तो अधिशयन काळ. रुग्ण दुसऱ्याला लागण कधीपासून देऊ लागतो, हे मात्र वेगळं मोजायचं. हे दोन्ही एकच धरले की घोळ होतो.

गोवराचा विषाणू श्वासावाटे आत येतो. तिथल्या रोगप्रतिकारक पेशींनाच तो पकडतो आणि त्यांच्यासोबत लसिका ग्रंथींत पोचतो. तिथे वाढून रक्तातून अंगभर फिरतो, मग श्वासनलिकेच्या अस्तरात आतल्या बाजूने शिरतो आणि खोकल्या-शिंकांबरोबर बाहेर पडू लागतो. इथवर साधारण १० दिवस जातात. त्या सुमारास ताप, खोकला, वाहतं नाक, लाल डोळे. घरात सगळे ‘सर्दीच आहे’ म्हणतात ते हेच दिवस.

पुरळ येतं आणखी तीन-चार दिवसांनी. ते उठतं आपल्याच टी-पेशींमुळे (या रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशी): त्वचेतल्या संसर्ग झालेल्या पेशींवर त्या हल्ला करतात. म्हणून प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या रुग्णाला पुरळ न येताही गोवर होतो, आणि त्याच्याकडून पसरतोही. पुरळाआधीचे ४ दिवस आणि नंतरचे ४ दिवस, एवढा काळ रुग्ण संसर्गजन्य धरतात. शिवाय रुग्ण खोलीतून गेल्यावरही हवेतला विषाणू २ तासांपर्यंत लागण करू शकतो, तेव्हा नुसतं अंतर राखून भागत नाही.

पाणवठा: इबोलाचं उलट आहे. अधिशयन काळ २ ते २१ दिवसांचा, पण लक्षणं येईपर्यंत रुग्ण लागण देत नाही. २००३ च्या सार्समध्येही (श्वसनाच्या गंभीर आजाराची साथ) विषाणू सर्वांत जास्त बाहेर पडायचा तो आजाराच्या दुसऱ्या आठवड्यात, त्यामुळे विलगीकरणाला वेळ मिळाला. फ्लूचा रुग्ण लक्षणांच्या आदल्या दिवसापासूनच पसरवतो. सगळ्यांत फसवी हिपॅटायटिस ए ची कावीळ: डोळे पिवळे व्हायच्या आधीच्या एक-दोन आठवड्यांत शौचातून विषाणू सर्वाधिक जात असतो. तेव्हा हात धुणं कावीळ दिसल्यावर सुरू करून उशीर झालेला असतो.

अन्वय: मग गोवराच्या संपर्कात आलेल्यांसाठी काहीच करता येत नाही?

सूक्ष्मदर्शी: येतं, पण घड्याळ पहिल्या संपर्कापासून धावतं, पुरळापासून नाही. ७२ तासांच्या आत लस दिली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य राहतो. लहान बाळं, लस न घेतलेल्या गरोदर स्त्रिया, प्रतिकारशक्ती कमी असलेले, यांच्यासाठी ६ दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन. गरोदरपणात गोवराची लस देत नाहीत. घरातल्यांचा पहिला संपर्क बहुधा पुरळाच्या चार दिवस आधीचा असतो, म्हणजे ७२ तास तेव्हाच उलटलेले असतात. त्यामुळे डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा. थेट दवाखान्यात जाऊन बसू नका, तिथेही लागण होईल.

पाणवठा: एक तपासून पाहा. दुसऱ्याचं पुरळ पहिल्यानंतर दोन दिवसांतच उठलं, तर ते पहिल्याकडून आलेलं नाही. दोघांना एकाच ठिकाणी लागण झाली असणार. अशा वेळी १०-१४ दिवस मागे जाऊन दोघं एकत्र कुठे होते ते शोधा. तिथे होते त्या सगळ्यांना कळवायला हवं.